खिळ्यावर टांगलेले ब्रेक

ती घटना मला मुद्दाम आठवावी लागत नाही. आजही मोटारसायकलवर बसलो की चावी फिरवण्याआधी माझ्या उजव्या हाताची बोटं पुढचा ब्रेक दाबून बघतात, आणि तिथून सगळं प्रकरण डोळ्यांपुढे उभं राहतं. पोलीस खात्यात बत्तीस वर्षं काढली. दरोडे पाहिले, खून पाहिले, दंगली पाहिल्या. पण कोणत्या तपासाचा अभिमान वाटतो असं कोणी विचारलं, तर मी हेच प्रकरण सांगतो. त्यात पाठलाग नव्हता, पिस्तूल नव्हतं. ब्रेकची एक केबल होती. ऐकणाऱ्यांचा जरा विरस होतो, त्याला माझा इलाज नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नाशिक शहरातल्या एका पोलीस ठाण्यात फौजदार होतो. अंबडला एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि कालपर्यंत सायकलवर कामाला जाणारे टर्नर, फिटर मोटारसायकली घेऊ लागले होते. गाडी आली, पण ती चालवायला शिकवणारं कोणी नव्हतं. मेव्हण्यानं नाहीतर शेजाऱ्यानं मैदानात दोन चकरा मारून दाखवल्या की शिक्षण पूर्ण. हेल्मेटला आम्ही टोपी म्हणायचो आणि ती घालणाऱ्याला हसायचो. मीही हसायचो, हे आधीच कबूल करून टाकतो.

एका दुपारी चारच्या सुमारास ठाण्यात निरोप आला, द्वारका चौकात अपघात झालाय. मी पोहोचलो तेव्हा जखमीला सिव्हिल हॉस्पिटलला हलवलं होतं. अंबडच्या एका कारखान्यातला टर्नर, वय तिशीच्या आत, पाळी सुटल्यावर घरी चालला होता. समोर एक टेम्पो वळला. टेम्पोवाला हात जोडून सांगत होता, "साहेब, मी त्याला लांबूनच पाहिलं. तो ब्रेक मारत होता, पण गाडी थांबेचना. मागचं चाक आडवं झालं आणि तो सरळ माझ्यावर आला."

मी घटनास्थळाचा पंचनामा केला. डांबरावर चाक घासल्याची काळी रेघ लांबलचक होती आणि ती एकाच चाकाची होती. गाडीच्या कॅरिअरला ट्यूबच्या रबरी पट्टीनं टोपी बांधलेली होती आणि तिच्यात जेवणाचा डबा. मी नेहमीच्या सवयीनं लिहिलं, 'डोक्याची टोपी एक, आत डबा एक, दोन्ही सुस्थितीत.' संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये त्या टर्नरचं पट्ट्यांनी गुंडाळलेलं डोकं पाहिलं आणि 'सुस्थितीत' हा माझाच शब्द मला टोचला. वॉर्डाबाहेर त्याची बायको बसली होती. ती एवढंच म्हणाली, "टोपी मीच घ्यायला लावली होती साहेब. डबा आत मस्त बसतो म्हणायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी चालू असताना द्वारकेजवळचा एक पानवाला ठाण्यात आला. आधी उगाच पोलीस भरतीची चौकशी केली, मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "माझं नाव कुठं येऊ देऊ नका. कालचा अपघात नाही तो. त्या गाडीचा ब्रेक काढलेला होता. माझ्या टपरीमागं गॅरेज आहे, तिथल्या मिस्तरीनं काढला. आठ दिवसांपूर्वी या टर्नरनं त्याला चारचौघांत थोबाडीत मारली होती. सगळ्यांनी बघितलंय."

मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून गाडीची तपासणी करून घेतली. निरीक्षक उंच, सडपातळ आणि कमी बोलणारे होते. त्यांनी पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं. ब्रेकच्या लिव्हरपासून चाकापर्यंत जाणारी केबल जाग्यावर नव्हती. तुटलेली नाही, कापलेली नाही, पान्यानं व्यवस्थित सोडवून काढलेली. तोवर टर्नरचा थोरला भाऊ सटाण्याहून मोटारसायकल दामटत येऊन पोहोचला होता. त्यानं फिर्याद दिली. मारहाणीचा राग होता, केबल काढणारा माहीत होता. जिवे मारण्याच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला आणि दुपारपर्यंत मिस्त्री माझ्या ताब्यात होता. मला तेव्हा वाटलं, चोवीस तासांच्या आत गुन्हा उघड केला. छाती थोडी फुगलीही होती.

मिस्त्री चाळिशीचा, एका बौद्ध वस्तीत राहणारा, बारा वर्षं गॅरेज चालवणारा माणूस. चौकशीत मी माणसाच्या तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघायचो. खोटं बोलणाऱ्याचे हात स्वस्थ बसत नाहीत. याचे तेलकट हात मांडीवर नुसते पडून होते.

"केबल तू काढलीस?"

"हो साहेब."

एवढ्या लवकर कबुली मिळाली की पोलिसाला आनंद व्हायला हवा. मला उलट चुटपुट लागली.

"थोबाडीत खाल्लीस म्हणून काढलीस ना?"

"त्यासाठीच काढली. नसती काढली तर आणखी एक खाल्ली असती."

"नीट सांग."

"साहेब, मी त्याची गाडी सर्व्हिस केली तवा पुढचा ब्रेक नीट आवळून दिला. हा नदीकाठच्या वाळूत वळला अन् वळतानाच कचकन दाबला. पडला. पँट फाटली. माझ्याकडं आला अन् सगळ्यांसमोर मारलं. मग मला आत नेऊन म्हनला, पुढचा ब्रेक कशाला चालू केला, मारतो का मला? आत्ताच्या आत्ता केबल काढ. मी काढली. मला काय, गिऱ्हाईक म्हनतं तसं करायचं."

"आणि केबल कुठंय?"

"गॅरेजात, खिळ्याला. गिऱ्हाईकाची वस्तू हाय, फेकतो व्हय मी?"

मी त्याला चहा मागवला. दारात बसलेल्या थोरल्या भावाला ते सहन झालं नाही. तो बागलाणी बोलीत ओरडला, "साहेब, मना भाऊ तठे बेशुद्ध पडेल शे आनि तुम्ही याले चहा पाजी ऱ्हायनात?" त्याचंही काही चुकत नव्हतं.

आमचे पोलीस निरीक्षक, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "स्वतःच्या गाडीचा ब्रेक स्वतः सांगून कोण काढून घेतो रे?" न्यायालयानं तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली. तिकडे टर्नरनं डोळे उघडले नव्हते. तो गेला असता तर हाच गुन्हा खुनाचा झाला असता, आणि मिस्त्रीची गोष्ट खरी आहे हे सांगू शकणारा एकमेव माणूस त्याच्याबरोबर गेला असता.

दुसऱ्या दिवशी केबल जप्त करायला मी दोन पंच घेऊन गॅरेजवर गेलो. मिस्त्री बरोबर होता. आतली भिंत पाहून मी थबकलो. ओळीनं खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्याला केबलीचं एक वेटोळं. एक नाही, दोन नाही, चौदा. प्रत्येकीला ऑइलच्या डब्याचा पत्रा कापून केलेला बिल्ला बांधलेला आणि त्यावर खिळ्यानं ठोकून गाडीचा नंबर काढलेला.

"हे काय आहे?"

"सगळ्या पुढच्या ब्रेकच्या, साहेब. कुनी गाडी विकायला काढली की परत मागतो, मग बसवून देतो. म्हनून नंबर."

मी म्हटलं, सगळ्यांची नोंद घ्या. पंचांपैकी एक निवृत्त शाळामास्तर होते. ते वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात एकेक नंबर वाचू लागले आणि माझा रायटर शिपाई लिहू लागला. सात झाले. मास्तरांनी आठवा नंबर वाचला आणि रायटरचा हात थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"लिही की," मी म्हणालो.

"साहेब, हा नंबर..."

"काय झालं नंबरला?"

"आपला आहे."

मी बाहेर गेलो. ठाण्याची सरकारी मोटारसायकल, जिच्यावरून मी रोज गावभर फिरत होतो, दारासमोर उन्हात उभी होती. मी पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला. तो सैल, लोंबकळत मुठीला येऊन टेकला. त्या गाडीवर बसून मला वर्ष होत आलं होतं आणि इतक्या दिवसांत मी त्या लिव्हरला एकदाही बोट लावलेलं नव्हतं. मलाही गाडी शिकवताना मामेभावानं हेच सांगितलं होतं, पुढचा ब्रेक मारायचा नाही, माणूस उलटा होऊन तोंडावर पडतो. गाडीची देखभाल बघणारे हवालदार तेव्हा पुतणीच्या लग्नासाठी रजेवर होते. ते परत आल्यावर त्यांनी सरळ सांगून टाकलं, "मीच काढायला लावली साहेब. तुम्ही पडू नये म्हणून."

पण त्या क्षणी मला हवालदार नाही, मोठ्या साहेबांचा प्रश्न आठवला. स्वतःचा ब्रेक स्वतः कोण काढून घेतो? आम्ही काढून घेतो साहेब. पोलीस ठाणं काढून घेतं.

मी मिस्त्रीला विचारलं, "काल का नाही बोललास, तुमच्या गाडीचीही केबल काढलीय म्हणून?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "कसं बोलू? तुम्हाला वाटलं असतं, धरल्यावर पोलिसावरच उलटला."

संध्याकाळी मोठ्या साहेबांनी पंचनामा वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आठवा नंबर गाळ. पेपरवाले फाडून खातील आपल्याला."

"साहेब, पंचांसमोर चौदा वाचलेत. तेरा लिहिले तर पंचनामा खोटा होईल, आणि त्या आठव्या नंबरावरच तो माणूस सुटायचा आहे."

त्यांनी पंचनामा पुन्हा पहिल्यापासून वाचला. मला वाटलं, आता बदलीचीच तयारी ठेवावी. मग त्यांनी पेन काढलं आणि कागदावर सही केली. "आठवा राहू दे," एवढंच म्हणाले. माझ्या नोकरीत मला काही बक्षिसं मिळाली, पण त्या आठव्या नंबराची ओळ मला त्या सगळ्यांपेक्षा मोलाची वाटते.

केबल काढायची पद्धत गावात आहे एवढं सिद्ध झालं. पण थोरला भाऊ ऐकायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं, पुढच्या ब्रेकनं गाडी थांबतच नाही, माणूस पडतो, मग केबल नसल्यानं अपघात झाला कसा? मिस्त्रीनं आणखी काहीतरी केलं असणार. मी मोटार वाहन निरीक्षकांना गाठलं. त्यांनी खिडकीतून बाहेर दिसणाऱ्या हातगाडीकडे बोट दाखवलं. "ती हातगाडी जोरात ढकलत आणून एकदम थांबवली तर वरची पोती कुठं सरकतील? पुढं. गाडी थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो. मागचं चाक हलकं होतं. तेवढंच दाबून धरलं की ते घसरतं. पुढचा ब्रेक कचकन दाबायचा नाही, वळणात आणि वाळूत दाबायचा नाही. हँडल सरळ ठेवून, दोन्ही मिळून, वाढवत वाढवत दाबायचे. मग बघा."

"मग दाखवूनच टाकू," मी म्हणालो.

कोठडीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी, पंच आणि फिर्यादी यांच्यासमोर, परेड मैदानामागच्या सरळ रस्त्यावर चाचणी ठेवली. गाडी आमचीच. खडूनं एक रेघ मारली. त्या रेघेवर चाक आलं की ब्रेक दाबायचा. मी बसणार तेवढ्यात मोटार वाहन निरीक्षकांनी आपली टोपी पुढं केली. बरोबर हातमोजे आणि जाड कोट. मी म्हणालो, "अहो, एवढ्या उन्हात? शिवाय लोक बघतायत." ते म्हणाले, "लोक बघतायत म्हणूनच घाला. नाहीतर चाचणी होणार नाही." मी चरफडत घातलं.

पहिल्या फेरीत पुढचा ब्रेक नव्हता. रेघेवर आलो, पायातला ब्रेक दाबून धरला. गाडी रेटत पुढं जात राहिली, मागचं चाक डाव्या बाजूला सरकलं आणि काही कळायच्या आत मी डांबरावर आडवा होतो. टोपी डांबरावर आपटल्याचा आवाज अजून कानात आहे. उठून बसलो. कोटाची बाही फाटली होती, कोपर शाबूत होतं. टोपी काढून पाहिली तर कानाच्या वर तीन बोटं रुंद खरवड उठली होती. तिथं माझं डोकं होतं. मी ती पुन्हा डोक्यावर चढवली, या वेळी कोणी सांगायची वाट न बघता.

मग मिस्त्रीच्या हातातली बेडी काढली. त्यानं आमची केबल गाडीला बसवली, लिव्हर दाबून बघितला, चाक फिरवून बघितलं, थोडं सैल केलं, पुन्हा बघितलं. दोन दिवस कोठडीत काढलेला माणूस त्या पाच मिनिटांत आपल्या गॅरेजमध्ये असल्यासारखा काम करत होता. मोठे साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "आरोपीनं बसवलेल्या ब्रेकवर बसणार तू?"

"बसणार," मी म्हणालो. तोच माझा तपास होता आणि तोच माझा निष्कर्ष.

दुसऱ्या फेरीत त्याच वेगानं आलो. रेघेवर दोन्ही ब्रेक, वाढवत वाढवत, हँडल सरळ. मनात मामेभावाचा आवाज ओरडत होता, उलटा होशील. उलटा झालो नाही. गाडी जमिनीला धरून बसली आणि पहिल्या फेरीच्या निम्म्याही अंतरात गपकन उभी राहिली. मास्तरांनी टेप लावून मोजलं, पुन्हा मोजलं आणि दोन्ही आकडे मोठ्यानं वाचले.

थोरला भाऊ टेपकडे बघत होता. मी त्याच्याजवळ गेलो. त्याची मोटारसायकल झाडाखाली उभी होती, सटाण्याहून आणलेली.

"तुमच्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबून दाखवा."

सावकाश जाऊन त्यानं लिव्हर दाबला. सैल. मुठीला टेकला.

"ही केबल कोणत्या दुश्मनानं काढली?" मी विचारलं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मीच काढी टाकी, साहेब," तो म्हणाला. "आनि भाऊले बी मीच सांगेल व्हतं, पुढला ब्रेकले हात लावू नको." मग मिस्त्रीकडे वळून त्यानं हात जोडले. खाली बसला आणि रडला.

त्याच दुपारी त्यानं पुरवणी जबाब दिला. पुरावा नाही असा कलम १६९ खाली अहवाल पाठवून मी मिस्त्रीला सोडलं. सोडताना मी त्याची माफी मागितली. पोलीस अधिकाऱ्यानं असं करायचं नसतं, असं नंतर एकानं मला समजावलं. मी त्याचं ऐकून घेतलं.

अकराव्या दिवशी टर्नर शुद्धीवर आला. जबाब घ्यायला मीच गेलो. बायकोनं त्याला सगळं सांगितलेलं होतं. तो अडखळत म्हणाला, "मीच काढायला लावली. त्यानं नको म्हटलं असतं तरी मी ऐकलं नसतं." एका कानानं ऐकू येणं कायमचं गेलं, पण माणूस राहिला.

या प्रकरणानं मला शिकवलं, की गुन्हा दिसला की गुन्हेगार शोधायचा ही पोलिसाची सवय चांगली, पण त्याआधी एकदा स्वतःच्या गाडीचा लिव्हर दाबून बघावा. सगळं गाव एकच चूक करत असलं की ती चूक कोणाला दिसत नाही, आणि मग बालंट येतं ते जो हातानं काम करतो त्याच्यावर. पुढं जिथं जिथं बदली झाली तिथं ठाण्याच्या गाड्यांचे दोन्ही ब्रेक मी आठवड्याच्या तपासणीत घातले आणि टोपीशिवाय शिपायाला फाटकाबाहेर सोडलं नाही. मागं बरीच नावं ठेवली गेली. तपासणी मात्र चालू राहिली.

दोन-अडीच महिन्यांनी न्यायालयाच्या आदेशानं मुद्देमाल परत द्यायचा होता. केबल घ्यायला टर्नर आला, बरोबर बायको. केबल हातात घेऊन तो घुटमळला. "साहेब, तुम्ही चला ना बरोबर. एकट्यानं त्याच्यापुढं जायला होत नाही." मी माझ्या गाडीवरून गेलो, ते दोघे रिक्षानं आले.

गॅरेजची भिंत मोकळी होती. मिस्त्रीनं एकेका गिऱ्हाईकाला गाठून तेराही केबली बसवून दिल्या होत्या. भावानं आधीच सोडवून आणलेली टर्नरची वाकलेली गाडी त्यानंच सरळ करून, पुसून ठेवली होती. टर्नर त्याच्यासमोर उभा राहिला आणि गाल पुढं करून म्हणाला, "मिस्तरी, मला एक मार."

मिस्त्रीनं हात वर करून दाखवले. "हात लय घाण हायेत माझे," तो म्हणाला. टर्नरची बायको रडता रडता हसली.

मिस्त्रीनं जुनी केबल घेतली, वाकवून बघितली. "ही नाय बसवत. गंजली." त्यानं ती बिल्ल्यासकट परत खिळ्याला टांगली, कोणी पुन्हा ब्रेक काढ म्हणालं तर दाखवायला, आणि खणातून नवी काढून बसवली. टर्नर गाडीवर बसून किक मारणार, तेवढ्यात मिस्त्री चाकापुढं उभा राहिला.

"आधी टोपी."

बायकोनं पिशवीतून टोपी काढून दिली. "डबा मी हातात धरते," ती म्हणाली. टर्नरनं टोपी घातली. मिस्त्री बाजूला झाला आणि माझ्याकडे वळला. मी गणवेशात, गाडीवर बसलेलो. माझी टोपी आरशाला अडकवलेली होती.

"साहेब, तुमची पन," तो म्हणाला.

नोकरीत वरिष्ठांचे हुकूम पुष्कळ पाळले, काही मनाविरुद्धही पाळले. ज्याला मी स्वतःच्या हातानं कोठडीत टाकलं होतं, त्यानं दिलेला हुकूम तेवढा एकच. मी आरशावरची टोपी काढली, डोक्यावर चढवली, हनुवटीखालचा पट्टा आवळला, पुढचा ब्रेक दाबून बघितला आणि मगच गाडीला किक मारली.